एक पान, एक पत्ता

आपल्याकडे एकाच माणसाला तीन नावे असणे काही नवे नाही. सातबाऱ्यावर तो विठोबा, शिधापत्रिकेवर विठ्ठल आणि पारावर विठूनाना. गावात त्यामुळे कुणाचे काही अडत नाही. पण हाच माणूस कर्जाचे कागद घेऊन बँकेत गेला, की साहेब विचारतात, "हे तिघे कोण?" मग विठूनानांना प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते, की हे तिन्ही मीच!

शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था यांनी आता आपापली संकेतस्थळे काढली आहेत. त्यांतल्या पानांचेही पुष्कळदा असेच होते.

माझा एक जुना विद्यार्थी खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहे. शाळेचे संकेतस्थळ तोच पाहतो. गेल्या उन्हाळ्यात वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीख २० जूनऐवजी १५ जून झाली. त्याने पानावर लगेच दुरुस्ती केली. तरी १८ तारखेला एक आई मुलीला घेऊन आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "गुरुजी, ह्यात तर वीस लिहिलंय." मुख्याध्यापकांनी समजुतीने घेतले, म्हणून मुलीचे वर्ष वाचले. पण चूक कुठे झाली होती?

त्या सूचनेची पाने दोन होती. एक नेहमीचे आणि दुसरे छापून घेण्यासाठी केलेले. दुरुस्ती एकावरच झाली. शोधयंत्राने दोन्ही पाने पूर्वीच पाहिली होती. मजकूर सारखाच, म्हणून त्यांतले एक त्याने यादीत पुढे ठेवले, आणि ते नेमके छापण्याचे निघाले.

हे असे का घडते, ते पाहू. शोधयंत्राचा एक फिरता कारकून असतो, असे समजा. तो दुव्यादुव्याने पाने पाहत जातो आणि प्रत्येकाची नोंद पत्त्यावरून ठेवतो. पत्त्यात एका अक्षराचा फरक पडला, तरी त्याच्या लेखी ते आधी वेगळेच पान. पत्त्याची सुरुवात एचटीटीपीने करा किंवा एचटीटीपीएसने, हे झाले दोन प्रकार. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावा किंवा लावू नका, म्हणजे चार. आतल्या पानाच्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ द्या किंवा देऊ नका, म्हणजे आठ! पान एक आणि पत्ते आठ. शिवाय कुणी निरोपातून दुवा पाठवला, की प्रश्नचिन्हापुढे आणखी काही शेपूट लागते, ते वेगळेच.

मराठी पत्त्यांत आणखी एक खोच आहे. कऱ्हाड हे नाव संगणकावर दोन रीतींनी लिहिता येते. एकीत नुक्त्याचा ऱ असतो. दुसरीत साधा र असतो आणि त्याच्या हलन्तापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला अक्षरे वेगळी, म्हणून पत्तेही वेगळे.

अशा साध्या पुनरुक्तीबद्दल शोधयंत्र शिक्षा करते, अशी समजूत आहे. ती खरी नाही, बरं का. पण कोणता पत्ता पुढे ठेवायचा, हे मग ते आपल्या अंदाजाने ठरवते. दुसऱ्यांनी आपल्या पानाला दिलेले दुवेही निरनिराळ्या पत्त्यांवर विखुरतात.

उपाय तीन आहेत. पण त्याआधी प्रत्येक पानाचा खरा पत्ता कोणता, ते एकदा ठरवून टाका.

पहिला उपाय म्हणजे पाठवणी. जो पत्ता नको, तो उघडणाऱ्याला सर्व्हरने आपोआप खऱ्या पत्त्यावर न्यावे. याचा संकेत ३०१, म्हणजे कायमचे स्थलांतर. ३०२ म्हणजे तात्पुरते. घर कायमचे बदलले असेल, तर पोस्टमनला "चार दिवसांसाठी गेलोय" असे कशाला सांगायचे?

दुसरा उपाय, जिथे दोन पत्ते ठेवणे भागच असते, तिथला. पानाच्या माथ्याशी, वाचकाला न दिसणारी, 'कॅनॉनिकल' नावाची एक ओळ लिहितात. हेच विठूनानांचे प्रतिज्ञापत्र: माझा खरा पत्ता अमुक. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २००९च्या फेब्रुवारीत ही सोय जाहीर केली. मात्र शोधयंत्र तिला सूचना मानते, हुकूम नव्हे. मजकुरात फार फरक असेल, तर ते ती बाजूला सारू शकते. सगळ्या पानांवर मुखपृष्ठाचाच पत्ता लिहिण्याची चूकही करू नये. तसे करणे म्हणजे घरातल्या प्रत्येकाने आपले नाव विठोबा सांगण्यासारखे आहे.

तिसरा उपाय एकवाक्यतेचा. आपल्या पानांतले दुवे आणि शोधयंत्राला दिलेली पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, यांत खराच पत्ता असावा. कॅनॉनिकल एक सांगते आणि यादी दुसरेच, असे झाले, तर कारकुनाने कुणाचे ऐकावे?

काही जण नको असलेल्या पत्त्यांवर 'रोबोट्स' नावाच्या फाइलने कारकुनाला बंदी घालतात. त्याने काम उलट बिघडते. दारच बंद केल्यावर आत लावलेले प्रतिज्ञापत्र तो वाचणार कसा?

माझ्या विद्यार्थ्याने छापण्याचे वेगळे पान काढून टाकले आणि त्याचा पत्ता ३०१ने मुख्य पानाकडे वळवला. पान तेच ठेवून छापताना त्याची मांडणी बदलता येते. त्यासाठी दुसरी प्रत लागतच नाही. शोधयंत्राच्या यादीत बदल दिसायला मात्र काही दिवस जावे लागले. कारकुनाची पुढची फेरी व्हावी लागते ना!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेच्या सूचनेचे पान आज निरनिराळ्या पत्त्यांनी उघडून पाहा. दर वेळी वरच्या पट्टीत अखेर एकच पत्ता दिसला, तर ठीक. गूगलचे सर्च कन्सोल हे मोफत साधनही आहे. आपण कोणता पत्ता सांगितला आणि गूगलने कोणता धरला, हे त्यात शेजारी शेजारी दिसते. दोन्ही जुळत नसतील, तर संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला आजच सांगा. पुढच्या जूनमध्ये कुणी आई मोबाइल घेऊन दारात आली, तर तिच्या हातातली तारीख आणि आपल्या फळ्यावरची तारीख एकच असली पाहिजे.