एसी पंप काढताना गाडीतून आणखी काय निघून जातं? – कार्बोरेटरच्या इंजिनाला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप

आजचा विषय दिसायला छोटा आहे. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप कसा निवडायचा आणि कसा बसवायचा, एवढंच आपल्याला बघायचं आहे. उदाहरण म्हणून आपण प्रीमियर पद्मिनी धरू. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, चाळीस-पन्नास अश्वशक्तीची ही गाडी महाराष्ट्रात पुष्कळांच्या घरी होती. टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी अजून बऱ्याच आहेत. अॅम्बॅसॅडर, जुनी जीप, कार्बोरेटरची मारुती ८००, या गाड्यांनाही आजचे बहुतेक मुद्दे लागू पडतात.

आपल्याकडे हे काम साधारण असं होतं. जुना पंप खराब होतो, दुकानदार एक इलेक्ट्रिक पंप देतो, दोन नळ्या आणि दोन वायरी जोडल्या जातात, गाडी चालू होते, काम झालं. गाडी चालू झाली हे खरं, पण काम झालं का? ते समजण्यासाठी आधी जुना पंप नेमकं काय करत होता ते बघू.

जुन्या पंपाची दोन फुकट कामं

गॅरेजमध्ये ज्याला आपण एसी पंप म्हणतो, त्याचा वातानुकूलनाशी संबंध नाही. एसी हे एका जुन्या कंपनीचं नाव, ते पंपाला चिकटलं. हा पंप इंजिनाच्या अंगावर बसतो. आतला कॅमशाफ्ट फिरला की पंपाची दांडी खालीवर होते, दांडी पडदा म्हणजे डायफ्राम खाली ओढते आणि टाकीतून पेट्रोल येतं. आता लक्ष द्या. दांडी पडदा फक्त ओढते. पेट्रोल पुढे ढकलण्याचं काम पडद्याखालची स्प्रिंग करते. म्हणजे पेट्रोलचा दाब इंजिनाच्या वेगावर नाही, मुख्यतः त्या स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो. कार्बोरेटरचा फ्लोट वर आला, निडल बंद झाली, की स्प्रिंगला पुढे ढकलता येत नाही. पडदा खालीच राहतो, दांडी नुसती हलत राहते.

हे झालं पहिलं काम. दाब आपोआप मर्यादेत राहतो.

दुसरं काम त्याहून मोठं आहे. इंजिन थांबलं की कॅमशाफ्ट थांबतो, आणि कॅमशाफ्ट थांबला की पंप थांबतो. गाडी धडकली, उलटली, बंद पडली, काहीही झालं तरी पेट्रोल पुढे येत नाही. यासाठी कुणी वेगळा स्विच लावलेला नाही. पंपाच्या रचनेतच ते आहे.

आपण एसी पंप काढतो तेव्हा ही दोन्ही कामं त्याच्याबरोबर निघून जातात. ती आपल्याला परत बसवावी लागतात. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

मग बदलायचा कशाला?

हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. पडदा फाटला असेल, व्हॉल्व्ह झिजले असतील, तर आधी दुरुस्तीचा किट मिळतो का बघा. एक तपासणी जरूर करा: ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पडदा फाटला की काही वेळा पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. असं ऑइल बेअरिंग खातं. तेव्हा पंपाबरोबर ऑइलही बदला.

इलेक्ट्रिक पंप लावण्याची खरी कारणं दोन. एक, गाडी आठवड्यातून-पंधरवड्यातून एकदाच निघते. तोवर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि एसी पंपाने ते परत भरेपर्यंत सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. दुसरं कारण म्हणजे व्हेपर लॉक. मे महिन्यात बोरघाट चढताना गाडी बंद पडली आणि पंपावर ओलं फडकं टाकून बसलो, हा अनुभव जुन्या लोकांना सांगायला नको. पेट्रोलला पाण्यासारखा एकच उत्कलनबिंदू नसतो. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपास उकळायला लागतात. त्यात एसी पंप गरम इंजिनावर बसून पेट्रोल टाकीपासून ओढत असतो. ओढलं की नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफ झाली की पंप वाफच हलवत बसतो.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ लावला तर हे चित्र उलटं होतं. संपूर्ण लांब नळीत पेट्रोल दाबाखाली राहतं. ओढणं थोडं, ढकलणं जास्त. मात्र तोच पंप कुणी बॉनेटखाली, जुन्या पंपाच्या शेजारी लावला, तर पैसे गेले आणि फायदा काहीच झाला नाही.

निवड: आधी दाब, मग प्रवाह

दुकानात लोक विचारतात, पंप किती लिटरचा? पहिला प्रश्न तो नाही. पहिला प्रश्न, दाब किती?

अशा छोट्या कार्बोरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय, म्हणजे ०.१५ ते ०.३ बारच्या आसपास दाब पुरतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप याच्या दहा-पंधरा पट, साधारण ३ बार दाब देतो. एक छोटा हिशेब करू. निडलच्या सीटचं भोक २ मिलिमीटर व्यासाचं धरा. ०.२ बार दाबाला निडलवर साधारण ६ ग्रॅम वजनाइतका जोर येतो. फ्लोट तो सहज पेलतो. ३ बारला तोच जोर जवळजवळ १०० ग्रॅम होतो. एवढासा फ्लोट तो कसा पेलणार? निडल उघडीच राहते, कार्बोरेटर भरून वाहतो, आणि ते पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. म्हणून इंजेक्शनच्या गाडीचा, भंगारातून स्वस्तात आलेला पंप कार्बोरेटरला लावू नका.

आता प्रवाह. ५० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तर तासाला साधारण १५ लिटर पेट्रोल पितं. बाजारातले छोटे पंपसुद्धा तासाला ६०-७० लिटर देतात. म्हणजे प्रवाहाची चिंता नको. मोठा पंप घेऊन काही मिळत नाही.

पंपाचे प्रकार ढोबळमानाने दोन. पहिला, टिकटिक आवाज करणारा सोलेनॉइडचा पंप. यातही स्प्रिंगच पेट्रोल ढकलते, त्यामुळे दाब आपोआप मर्यादेत राहतो. एसी पंपाचं पहिलं काम इथे परत मिळतं. हा प्रकार नवा नाही. १९४८ मध्ये आलेल्या मॉरिस मायनरला एसयू कंपनीचा असाच इलेक्ट्रिक पंप कारखान्यातूनच होता. दुसरा प्रकार मोटरने फिरणारा रोटरी पंप. तो शांत चालतो, पण त्यातल्या अनेकांचा दाब कार्बोरेटरसाठी जास्त असतो, तेव्हा पुढे प्रेशर रेग्युलेटर लावावा लागतो. पद्मिनीसारख्या गाडीला आम्ही कमी दाबाचा टिकटिक पंपच सुचवू.

खरेदीच्या वेळी आणखी दोन गोष्टी विचारा. गाडी जुनी ब्रिटिश असेल तर तिचा पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला पंप उलटा जोडला की जळतो. आणि पंप इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालतो का? आपल्याकडे २०२३ पासून ई-२० टप्प्याटप्प्याने आलं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. हे पंपाच्या पडद्याला लागू आहे, तसंच प्रत्येक नळीलाही.

बसवणं

कामाला लागण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काम मोकळ्या हवेत करा, जवळ ग्राइंडर किंवा पेटती शेगडी नको, हाताशी अग्निशामक हवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. म्हणून खड्ड्यावर गाडी उभी करून हे काम करू नये.

पंप मागे, टाकीच्या जवळ आणि टाकीच्या तळापेक्षा शक्यतो खाली लावा. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, दगड लागणार नाही आणि पाणी साचणार नाही अशा जागी. रबराचे वॉशर घालून बसवला तर टिकटिक आत घुमत नाही. पंपावरचा बाण इंजिनाकडे असावा. डिकीच्या आत पंप लावू नका. गळती झाली तर वाफ थेट माणसांच्या डब्यात येते.

पंपाच्या आधी जाडी जाळी असलेला फिल्टर, पंपानंतर बारीक फिल्टर. बारीक फिल्टर आधी लावला तर पंपाला ओढायला त्रास होतो आणि आपण जो व्हेपर लॉक टाळायला निघालो तोच परत येतो. रबरी नळी कमीत कमी वापरा. लांब अंतर धातूच्या नळीने जोडा. रबरी नळीवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं असेल तर ती इथेनॉलला चांगली टिकते. पत्र्यातून नळी जाते तिथे रबराची ग्रोमेट घालाच.

एसी पंप काढल्यावर इंजिनाच्या अंगावर भोक राहतं. त्यावर पॅकिंगसह धातूची पट्टी घट्ट बसवा, नाहीतर ऑइल बाहेर फेकलं जाईल. काही इंजिनांत पंपाला ढकलणारी सुटी दांडी असते, ती काढून ठेवा.

दुसरं काम परत बसवणं

आता महत्त्वाचा भाग. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेतून पंप, आणि पंपाचा अर्थ घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर. रिलेला चावीने चालू करायचं. फ्यूज किती अँपिअरचा ते पंपाच्या कागदावर लिहिलेलं असतं. बहुतेक लोक इथे थांबतात.

पण इथे थांबलो तर काय होईल? अपघातात इंजिन बंद पडलं, चावी ऑन राहिली, नळी तुटली. पंपाला यातलं काहीच कळत नाही. तासाला ७० लिटरचा पंप मोकळ्या नळीतून मिनिटाला एक लिटरहून जास्त पेट्रोल ओततो. माणसं आत अडकलेली असताना तो एक मिनिट फार मोठा असतो.

उपाय तीन. पहिला, कॉइलचे ठोके बघणारा सुरक्षा रिले. चावी ऑन केली की तो पंप एक-दोन सेकंद चालवतो, मग कॉइलमधून ठोके येत असतील तरच चालू ठेवतो. इंजिन थांबलं की पंप थांबतो. हा सर्वात सोपा आणि आमच्या मते सर्वात चांगला.

दुसरा, ऑइल प्रेशर स्विच. दाब असेल तरच सर्किट जोडणारा स्विच घ्यायचा. डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्याचा स्विच उलटा असतो, दाब नसताना तो जोडलेला असतो. त्याच्यावर उलटा रिले लावून काम भागवणारे लोक आहेत. पण त्या स्विचची वायर तुटली तर पंप कायम चालू राहतो. बिघाड झाला तर पंप बंद पडावा, चालू राहू नये, हा नियम पाळा. शिवाय सेल्फ मारताना पंपाला वेगळी वाट द्यावी लागते, आणि त्या वाटेवर डायोड हवा. नाहीतर पंपाच्या सर्किटमधला करंट उलटा जाऊन सेल्फ चालू ठेवू शकतो.

तिसरा, इनर्शिया स्विच. जोराचा धक्का बसला की तो सर्किट तोडतो. हा वरच्या दोनपैकी एकाच्या जोडीला लावा. त्याच्या एकट्यावर विसंबू नका, कारण प्रत्येक नळी धक्क्याने तुटत नाही.

चाचणी

प्रथम कार्बोरेटरजवळ टी-जोड लावून गेजवर दाब बघा. इंजिन आयडलिंगवर असताना दाब मॅन्युअलच्या मर्यादेत हवा. मग सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून वास आणि ओल तपासा. टिकटिक ऐका: सुरुवातीला जलद, कार्बोरेटर भरला की संथ. सारखी जलद टिकटिक म्हणजे टाकी रिकामी आहे, कुठेतरी हवा ओढली जाते आहे किंवा गळती आहे.

शेवटची चाचणी चुकवू नका. कॉइलच्या रिलेला: इंजिन चालू असताना चौथ्या गियरमध्ये, ब्रेक दाबून, क्लच सोडून ते बंद पाडा. चावी ऑनच ठेवा. दोन-तीन सेकंदांत टिकटिक थांबली पाहिजे. ऑइल प्रेशर स्विच असेल तर दाब उतरायला थोडा जास्त वेळ लागेल, पण पंप थांबलाच पाहिजे. थांबला नाही, तर वायरिंग परत बघा, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

श्रोत्यांकडून नेहमी येणारा एक प्रश्न: एसी पंप तसाच ठेवून इलेक्ट्रिक पंप मदतीला लावला तर? लावतात, चालतंही. पण जुन्या पंपाचा पडदा फाटला तर आता इलेक्ट्रिक पंप दाब देऊन पेट्रोल चेंबरमध्ये ढकलेल. ठेवायचा असेल तर पडदा नवा हवा, आणि डिपस्टिकचा वास अधूनमधून घ्यायचा. आमचा सल्ला, एकच पंप ठेवा, पण पूर्ण बसवा. गॅरेजमधून गाडी घेताना मेकॅनिकला एवढंच विचारा: इंजिन बंद पडलं तर हा पंप कशाने थांबतो? उत्तर ‘चावीने’ असं आलं, तर काम अजून अर्धंच झालं आहे.