नदीनें घडविलेली भूमि

गोदावरी म्हटलें कीं त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरि, नाशिकचे घाट आणि पैठणचें वाळवंट आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. नदीचा जन्म आपल्या घरचा, म्हणून तिचें बालपण आपणांस परिचयाचें. परंतु सासरीं गेलेल्या मुलीनें तेथें कसा संसार थाटला, याची चौकशी माहेरचीं माणसें ज्या आस्थेनें करतात, तशी चौकशी आपण या नदीची क्वचितच करतों. आज ती करावी, असा माझा विचार आहे.

ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र अवघा सुमारें ८० किलोमीटर दूर आहे. पण मध्यें सह्याद्रीचा कडा, आणि पठाराचा उतार पूर्वेकडे. त्यामुळें नदीला बंगालचा उपसागर गांठण्यासाठीं १४६५ किलोमीटर चालावें लागतें. या प्रवासांत ती सुमारें ३ लक्ष १२ हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचें पाणी गोळा करते. मांजरा, वर्धा-वैनगंगांच्या संगमांतून झालेली प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या तिच्या मोठ्या सहचरी. पाण्याबरोबर मातीहि येते. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दक्षिणेच्या पठारावर ज्वालारसाचे थर पसरले. तो काळा कातळ ऊन-पावसानें झिजून आपली काळी जमीन झाली, आणि तीच जमीन दर पावसाळ्यांत थोडी थोडी पूर्वेकडे निघते.

पापिकोंडलूच्या डोंगरांतील खिंडींतून बाहेर पडून नदी राजमहेंद्रीच्या सपाटीवर येते, तेव्हां तिचा वेग मंदावतो. वेग हेंच नदीचें वाहून नेण्याचें बळ. तें कमी झालें कीं जाड वाळू आधीं खालीं बसते, बारीक गाळ पुढें जातो. अत्यंत सूक्ष्म कण तर समुद्रापर्यंत तरंगत जातात. परंतु घरीं गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली म्हणजे माती जशी तळाशीं बसते, तसाच कांहींसा परिणाम समुद्राचें खारें पाणी करतें: कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि बुडतात. अशा रीतीनें नदीच्या मुखाशीं जमीन वाढूं लागते.

स्वतःच आणलेल्या गाळानें पात्र भरत आलें, म्हणजे पुराच्या वेळीं नदी कांठ फोडून नवी वाट काढते. म्हणून धवलेश्वरम् येथें गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठा असे दोन मुख्य फाटे होतात. वसिष्ठेपासून पुढें वैनतेया फुटते. फाट्यांमधील ही भूमि आकारानें त्रिकोणी, म्हणून तिला त्रिभुज प्रदेश म्हणावयाचें. ग्रीकांनीं नाईलच्या मुखाकडील भूमीस आपल्या त्रिकोणी अक्षरावरून ‘डेल्टा’ हें नांव दिलें, तेंहि याच कारणानें. गौतमी-वसिष्ठेच्या मधला भाग तो कोनसीमा. भातशेती आणि नारळाच्या बागा यांविषयीं तो आंध्रांत प्रसिद्ध आहे.

ही भूमि किती जुनी? सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या ऐन भरांत, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. पुढें हिम वितळून समुद्र वर चढला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वीं त्याची चढण बहुतेक थांबली. तेव्हांपासून नदीनें समुद्राला मागें रेटण्यास आरंभ केला. आज किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आंत, शेतांच्या मधून, किनाऱ्याशीं समांतर अशा वाळूच्या लांबट टेकाडांच्या रांगा आढळतात. प्रत्येक रांग म्हणजे एके काळचा समुद्रकिनारा! पुरापासून बचाव व्हावा म्हणून अनेक गांवें या उंचवट्यांवरच वसलीं आहेत.

माणसानें या कार्यांत हात घातला तो १८४७ सालीं. सर आर्थर कॉटन यांनीं धवलेश्वरम् येथें बंधारा बांधण्यास आरंभ केला, तो १८५२ सालीं पुरा झाला. कालव्यांनीं दुष्काळग्रस्त मुलूख सुपीक झाला. परंतु पुढें वरच्या अंगास मोठालीं धरणें झालीं. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पूर्ण झालें, तें त्यांतीलच एक. धरण पाणी अडवितें, तसा गाळहि अडवितें. १९७० नंतरच्या दशकांत नदी वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें १५ कोटी टन गाळ खालीं आणीत असे. १९९० नंतरच्या दशकांत तो ६ कोटी टनांच्याहि खालीं आला.

यांत काळजीचें काय, असें कोणी विचारील. ताज्या गाळाची जमीन स्वतःच्या भारानें दबत असते, आणि लाटा तिचा कांठ अहोरात्र कुरतडीत असतात. हा खर्च दरसाल नव्या गाळानें भरून निघाला, तरच जमाखर्चाचा मेळ बसतो. जमा घटली आहे. उलट समुद्राची पातळी पुनः वाढूं लागली आहे. म्हणून किनाऱ्याचे कांहीं भाग समुद्र परत घेत आहे, आणि खारें पाणी विहिरींत व भातखाचरांत शिरण्याचें भय वाढलें आहे.

धरणें नकोत, असा याचा अर्थ नव्हे. आपल्याहि शेतांस पाणी हवें. परंतु नदी केवळ पाण्याची नसते, ती मातीचीहि असते, हें ध्यानीं धरूनच तिचा हिशेब मांडला पाहिजे. नाशिकच्या घाटावर पावसाळ्यांत गोदावरीचें पाणी तांबूस-काळें दिसलें, तर तें मळलें असें म्हणूं नये. दूर पूर्वेकडे कोणाच्या तरी अंगणाखालची जमीन ती घेऊन निघालेली असते.