कुत्र्याच्या पोटात काय काय : आंब्याची कोय

आंब्याची कोय कुत्र्याच्या घशातून सहज उतरते आणि अडते ती पुढे. अन्ननलिका ताणली जाते, जठरही ऐसपैस असते. पण जठराचे आतड्याकडचे तोंड अरुंद आणि त्यापुढचे लहान आतडे मध्यम चणीच्या कुत्र्यात जेमतेम माणसाच्या बोटाएवढे जाड. त्यातही हापूसपेक्षा रायवळची कोय अधिक घातक. हापूसची कोय मोठी आणि चपटी, ती कुत्रे बराच वेळ चघळत बसते. चोखून टाकलेली रायवळची कोय लहान आणि बुळबुळीत असते. दुसरे कुत्रे जवळ आले किंवा घरातले कुणी ती हिसकावायला धावले, की ती त्याच क्षणी गिळली जाते. धावण्याऐवजी चिकनचा तुकडा पुढे करावा. तोंडातले बहुधा आपोआप सुटते.

लॅब्रेडॉर यात आघाडीवर असतात, त्याला कारणही आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना २०१६ मध्ये या जातीच्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्यांना खाण्याची हाव अधिक असते. त्यांना शिस्त लावून भागत नाही, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकणच लागते.

कोय गिळल्यावर मिठाचे पाणी पाजावे का, असे पनवेलच्या एका वाचकाने विचारले आहे, आणि आंब्याच्या दिवसांत या प्रश्नाला थांबवून ठेवणे बरे नाही. उत्तर स्पष्ट आहे : मुळीच पाजू नये. मीठ जास्त झाले की रक्तातील सोडियम वाढते, मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात, कुत्रे दगावूही शकते. ओकारी काढायचीच असेल तर ती डॉक्टर इंजेक्शन देऊन काढतात, तीही कोय जठरात असेपर्यंत आणि कोयीचा आकार पाहून. मोठी कोय उलटी येताना अन्ननलिकेत रुतली तर प्रकरण आणखी अवघड होते.

कोयीची खरी लबाडी वेळेची आहे. तिचे कवच लाकडी असते, जठरातल्या आम्लाने ते विरघळत नाही. कोय कित्येक आठवडे जठरात नुसती पडून राहते. मधूनच ती आतड्याच्या तोंडाशी येऊन बसते, कुत्रे ओकते; ती मागे सरकते, कुत्रे पुन्हा जेवू लागते. घरच्यांना वाटते पोट बिघडले होते, बरे झाले. मग एखाद्या दिवशी ती आतड्यात उतरते आणि तिथे घट्ट बसते. तेव्हा पाणीही पोटात ठरत नाही, शी थांबते, कुत्रे पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवते आणि मागचा भाग उंच ठेवून तसेच राहते. पोट दुखत असल्याची ही खूण. हे सारे पाऊस लागल्यावर घडले तर आंबा कुणाच्या लक्षातही नसतो. म्हणून अनुभवी डॉक्टर जुलैतही घरातले आंबे कधी संपले ते विचारतात.

एक्स-रेवर हाड, नाणे, दगड ठळक दिसतात. कोय बहुधा दिसत नाही. दिसतात ती अडथळ्याच्या अलीकडची वायूने फुगलेली आतडी. सोनोग्राफीत मात्र ती पकडता येते : एक लख्ख वक्र रेघ आणि तिच्याखाली काळीभोर सावली. खारघरला पांडवकडा धबधब्याच्या वाटेवर पावसाळ्यात फेकली जाणारी, दाणे खाऊन झालेली कणसे हीच गंमत करतात. रात्री-अपरात्री सायन-पनवेल महामार्गाने परळचे जनावरांचे रुग्णालय गाठावे लागण्याआधी, जवळपास सोनोग्राफी कुठे होते ते विचारून ठेवलेले बरे.

कोय जठरात असेल तर शस्त्रक्रिया तुलनेने सोपी. आतड्यात अडकलेली असेल तर उशीर महागात पडतो : दाबाने आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग काळा पडतो, कापून दोन टोके जोडावी लागतात. भोक पडून आतली घाण पोटात पसरली तर जीव वाचवणे कठीण. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत टाके उसवण्याचा धोका सर्वाधिक असतो. या दिवसांत मऊ अन्न थोडे थोडे द्यावे; ओकारी, ताप किंवा मलूलपणा दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत दाखवावे.