भरतीमापकाची साक्ष

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळी वादळ धडकले की ‘बॉम्ब चक्रीवादळ’ हा मथळा झळकतो आणि पाठोपाठ कोठे किती इंच बर्फ पडला याची यादी येते. किनाऱ्यावरील वस्तीला ज्या नोंदीची सर्वाधिक गरज असते, ती मात्र या यादीत बहुधा नसते. ‘बॉम्ब’ ही संज्ञा शास्त्रीय आहे. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकुम यांनी 1980 मध्ये दिलेल्या निकषानुसार, 60 अंश अक्षांशावर वादळाच्या केंद्रातील हवेचा दाब 24 तासांत किमान 24 मिलिबारने उतरला, तर ते वादळ या वर्गात मोडते. बॉस्टनच्या अक्षांशावर हीच मर्यादा सुमारे 19 मिलिबार भरते. 4 जानेवारी 2018 च्या वादळात ही घसरण 59 मिलिबारच्या आसपास होती.

त्या दिवशीची खरी लक्षणीय नोंद बॉस्टन बंदरातील भरतीमापकाने केली. 1921 पासून पाण्याची पातळी टिपणाऱ्या या केंद्रावर पाणी 15.16 फुटांपर्यंत चढले आणि फेब्रुवारी 1978 च्या प्रलयंकारी हिमवादळाचा 15.10 फुटांचा उच्चांक मोडला. ही उंची रोजच्या दोन ओहोट्यांपैकी अधिक खालच्या ओहोटीच्या सरासरी पातळीपासून मोजली जाते. पौर्णिमा नुकतीच उलटली होती आणि चंद्र पृथ्वीच्या निकट असल्याने उधाण मुळातच मोठे होते. त्यात ईशान्येच्या वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याची भर पडली आणि अ‍ॅक्वेरियम या भुयारी रेल्वे स्थानकात पाणी शिरले.

दोन उच्चांकांतील फरक जेमतेम दोन सेंटीमीटर आहे. बॉस्टन येथे समुद्राची पातळी वर्षाला सरासरी सुमारे 3 मिलिमीटरने वाढत आली असल्याने मधल्या 40 वर्षांत ती 10 सेंटीमीटरहून अधिक चढली होती. म्हणजेच ही वाढ वगळली, तर 2018 चे वादळ उच्चांकापर्यंत पोहोचलेच नसते. याउलट, पांढऱ्या फळीवर पट्टी रोवून मोजलेला बर्फ वाऱ्याने भुरभुरतो, शेजारच्या दोन केंद्रांचे आकडेही जुळत नाहीत, आणि तरीही बातमी त्याचीच होते.

2 मार्च 2018 च्या वादळात बॉस्टनमध्ये मुख्यतः पाऊस पडला, बर्फ जवळजवळ नव्हताच. भरतीमापकाने मात्र 14.67 फूट, म्हणजे तोवरची तिसरी सर्वोच्च पातळी नोंदवली. किनारी शहरांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांत भरतीची वेळ आणि अपेक्षित उंची बर्फाच्या इंचांआधी छापली गेली पाहिजे.