परभणीची काळी भुई, सायकल आणि कोरडे पाय : एक मागोवा

परभणी जिल्ह्यात पावसाळ्यात सायकल चालवताना पाय कोरडे ठेवण्याचा प्रश्न आभाळातून पडणाऱ्या पाण्यापेक्षा पायाखालच्या मातीचा अधिक आहे, आणि स्वातंत्र्योत्तर काळात त्यावर जे उपाय होत गेले त्यांचा मागोवा घेऊ लागले की पादत्राणांच्या इतिहासाकडून पुन्हा पुन्हा रस्त्यांच्या इतिहासाकडे वळावे लागते. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास असून कोकणाच्या मानाने ते फारच थोडे आहे. तथापि गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांत पसरलेली भारी काळी जमीन या थोड्या पावसाचाही पुरेपूर हिशेब घेते. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या जमिनीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, तर आषाढ-श्रावणात झड लागली, म्हणजे दिवसेंदिवस बारीक पाऊस धरून राहिला, की तीच जमीन पायाला, बैलाच्या खुराला आणि गाडीच्या चाकाला सारख्याच आवेशाने चिकटते.

निजामाच्या राजवटीत सायकल ही परदेशातून येणारी आणि मोजक्या घरांत दिसणारी वस्तू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्याच सुमारास सायकलींचे देशी उत्पादन वाढू लागले. मद्रासजवळचा टीआय सायकल्सचा कारखाना १९४९ मध्ये, सोनिपतचा अ‍ॅटलासचा १९५१ मध्ये आणि लुधियानाचा हीरोचा १९५६ मध्ये उभा राहिला. परभणी, सेलू, मानवत रोड, पूर्णा अशा रेल्वेस्थानकांच्या आधाराने वाढलेल्या बाजारपेठांतून ही सायकल शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक आणि दूधवाले यांच्या हाती पोहोचली. अठ्ठावीस इंची चाकांचे, वीस किलोच्या आसपास वजनाचे, रुंद मडगार्डांचे हे वाहन शहरी पावसासाठी उत्तम होते, कारण त्याचे मडगार्ड चाकाने उडवलेले पाणी अडवत आणि पूर्ण चेनकव्हर विजारीचा पाय तेलाच्या डागांपासून वाचवत असे. काळ्या मातीत मात्र हेच मडगार्ड वैरी ठरत असे. टायरला चिकटून वर आलेला चिखल मडगार्डच्या आत, ब्रेकच्या दांड्यांपाशी आणि मागच्या चिमट्यात ठासून बसे, चाक जागच्या जागी अडके, आणि काडीने चिखल उकरून चार पावले पुढे जावे तर ते पुन्हा भरे. अशा वाटेवर सायकलस्वार हा पादचारी होऊन जाई, नव्हे, खांद्यावर सायकल घेतलेला हमालच होई. म्हणून पायडलवरचा पाय कसा कोरडा राहील ही चर्चा बऱ्याच गावांपुरती निरर्थक होती.

डांबरी किंवा खडीच्या रस्त्यावर पाय भिजण्याचे मार्ग तीन असतात. पावसाचे थेंब वरून पडतात हा पहिला. पुढचे चाक रस्त्यावरचे पाणी उचलून स्पर्शरेषेच्या दिशेने मागे फेकते आणि ते थेट पावलांवर येते हा दुसरा. आणि विजारीवरून ओघळलेले पाणी घोट्यापाशी बुटात उतरते हा तिसरा, बहुधा दुर्लक्षित राहणारा मार्ग. दुसऱ्यावर सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे पुढच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबचा किंवा टायरचा तुकडा लावून ते जमिनीपासून चार-सहा बोटांपर्यंत खाली आणणे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे काम सहज होत असे, आणि पाय कोरडे ठेवण्याच्या साधनांत त्याची गणना क्वचितच होत असली तरी महागड्या बुटाहून त्याचा उपयोग अधिक आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. पहिल्या आणि तिसऱ्या मार्गांवर घोंगडी किंवा पोत्याची खोळ हा जुना उपाय सायकलवर चालत नसे, कारण खोळ डोके आणि पाठ झाकते, गुडघ्याखाली तिचा अंमल नाही.

गावच्या चर्मकाराने शिवलेली जाड वहाण ही चालणाऱ्याची वस्तू होती. भिजली की ती फुगून जड होई, वाळली की कडक होऊन पायाला चावे, आणि म्हणून तिला वरचेवर तेल पाजावे लागे. या संदर्भात मराठवाड्याच्या पिकाचा एक जवळजवळ विसरलेला उपयोग नोंदवण्यासारखा आहे. करडईच्या बियांपासून खाद्यतेल काढतात हे सर्वपरिचित आहे. परंतु बिया मडक्यात तापवून कोरड्या उष्णतेने काढलेले काळे, चिकट तेल खाण्यास निरुपयोगी असले तरी विहिरीचे पाणी ओढणाऱ्या मोटेच्या दोरांना आणि पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या चामड्याला लावण्यासाठी वापरले जाई, अशी नोंद जॉर्ज वॅट यांनी १८८९ पासून प्रसिद्ध झालेल्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या कोशात केली आहे. १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने पुढे करडईचे नामांकित वाण दिले, पण तोवर विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप येऊ लागले होते, मोट मागे पडत होती, आणि तिच्याबरोबर चामड्याला पाण्यापासून राखण्याची ती घरगुती विद्याही गेली.

चामड्याच्या वहाणेची जागा रबर आणि प्लास्टिकने घेतली. रबरी चपलेला पाण्याचे भय नाही, परंतु ती चिखलात रुतली की पाय वर येतो आणि चपलेचा अंगठा तुटतो. ओल्या पायडलवरून ती घसरते. आणि चालताना तिच्या फटक्याने उडालेले शिंतोडे सदऱ्याच्या पाठीपर्यंत जातात. प्लास्टिकच्या पावसाळी बुटांनी आणि टाच बांधणाऱ्या पट्ट्याच्या सँडलांनी यांतील बऱ्याच अडचणी दूर केल्या. गमबुटात पाणी शिरत नाही, पण एकदा वरून शिरले तर निघतही नाही, शिवाय त्याच्या कडक नळीमुळे पायडल मारताना घोटा अडखळतो. पुढे खताच्या किंवा किराणा मालाच्या प्लास्टिक पिशव्या पायाला गुंडाळण्याची युक्तीही आली, आणि मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा तिचे एक साधन कागदोपत्री तरी हिरावले गेले.

युरोपातील सायकलस्वार बुटांवर रबरी आच्छादने चढवतात किंवा वाफ बाहेर सोडणाऱ्या पण पाणी आत न घेणाऱ्या पटलाचे मोजे वापरतात. असे पटल १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी शोधले, आणि त्याचे कार्य बुटाच्या आतील व बाहेरील बाष्पाच्या दाबातील फरकावर चालते. परभणीच्या जुलैत हवा उष्ण आणि दमट असल्याने हा फरक थोडाच राहतो, आणि पाणी बाहेर अडवले तरी पाय घामाने आतून भिजतो. थंड देशात ओला पाय गारठतो, म्हणून तेथे पाणी अडवणे महत्त्वाचे. येथे गारठ्याचे भय नाही, ओल टिकून राहण्याचे आहे. सतत ओल्या राहिलेल्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून चिरते, खाज सुटते, बुरशीचा संसर्ग होतो. गावाकडे या विकाराला चिखल्या म्हणतात आणि त्यावर हळद, तेल, मेंदी असे उपाय करतात. या दृष्टीने पाहता भिजू देणारे पण लवकर वाळणारे उघडे सँडल हे न भिजणाऱ्या बंद बुटापेक्षा या हवामानात अधिक शहाणपणाचे ठरते. अनवाणी जाणे त्याहून सोपे खरे, पण चिखलात दडलेला बाभळीचा काटा त्या सोपेपणाची किंमत वसूल करतो.

पाय खऱ्या अर्थाने कोरडे होऊ लागले ते रस्त्यांमुळे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मजुरांनी फोडलेल्या खडीने अनेक गावांना पहिला बारमाही म्हणता येईल असा मार्ग दिला, जरी त्यांपैकी कित्येक रस्ते मातीकाम आणि मुरूम यांच्या पुढे वर्षानुवर्षे गेले नाहीत. जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याने पाथरी, मानवत आणि परभणी तालुक्यांत ओलित आणले तेव्हा चिखलाचा हंगामही लांबला, कारण ऊस आणि गहू यांच्या पाण्याने शेतवाटा हिवाळ्यातही ओल्या राहू लागल्या. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने डांबर गावाच्या वेशीपर्यंत नेले, परंतु त्याच सुमारास मोटारसायकलही त्या डांबरावर आली, आणि सायकलवर पाय कोरडा ठेवता येईल असा रस्ता ज्या पिढीला मिळाला तिने सायकल बहुतांशी सोडली.

ती राहिली शाळकरी मुलींकडे. राज्य शासनाच्या मानव विकास मिशनच्या योजनेतून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि आज जिल्ह्यात पावसात नियमाने सायकल चालवणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. वाड्या-आखाड्यांवरून मुख्य रस्त्यापर्यंतची पांदण, म्हणजे दोन शेतांमधून जाणारी कच्ची वाट, अजून अनेक ठिकाणी मातीचीच आहे. तिच्यासाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ती वाट पक्की होईपर्यंत बूट दप्तरात घेऊन अनवाणी किंवा चपलेवर निघणे आणि शाळेत पाय धुऊन ते चढवणे हाच उपाय उरतो. २०२३ पासून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना बुटांचा एक जोड आणि मोज्यांचे दोन जोड देण्याचे धोरण आहे. मोजे आलटून पालटून घालता येतात. बूट मात्र एकच जोड, आणि झडीच्या दिवसांत भिजलेला बंद बूट रात्रभरात वाळत नाही.