दूरदर्शन ते मोबाईल : वेळापत्रक कोणाच्या हाती?

भारतात दूरदर्शनचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी चाळीत वा वस्तीत एखाद्याच घरी संच असे आणि शेजारीपाजारी तेथे दाटीवाटीने बसत. कार्यक्रमाची वेळ केंद्र ठरवी, प्रेक्षकाने हजर राहायचे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, निवड वाढली. पण वेळापत्रक वाहिन्यांच्याच हाती राहिले.

२००५ साली यूट्यूब सुरू झाले. तरीही डेटा महाग होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा आली, डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि चित्रफिती गावोगावी मोबाईलवर दिसू लागल्या.

या दोन साधनांतील मूळ फरक विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी सर्वांसाठी एकच असतात. पाहणारे शंभर असोत वा लाख, प्रक्षेपण तेच. इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला त्याच्या मागणीप्रमाणे चित्रफीत स्वतंत्रपणे, काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवली जाते. जोडणी मंदावली की कमी स्पष्टतेचे तुकडे येतात. म्हणून चित्र धूसर होते. कोणी काय पाहिले, किती वेळ पाहिले, याची नोंदही होते. त्या नोंदीवरून यंत्रणा पुढची चित्रफीत सुचवते. आपण जितका जास्त वेळ पाहू, तितक्या जास्त जाहिराती दाखवता येतात.

पूर्वी रात्री प्रक्षेपण बंद होई आणि मुले आपोआप अभ्यासाला वा झोपायला जात. आता एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. परीक्षेच्या दिवसांत याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

तथापि हे साधन टाकाऊ नाही. शिकवणीची फी न परवडणाऱ्या मुलालाही आज गणिताचे उत्तम व्याख्यान मिळते; न समजलेला भाग तो पुन्हा पाहू शकतो. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयं’ हे ऑनलाईन अभ्यासक्रम आणि डिश अँटेनावर दिसणाऱ्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्या सुरू केल्या. जेथे इंटरनेट नीट चालत नाही, तेथे या वाहिन्या उपयोगी पडतात.

विद्यार्थी मित्रांनो, काय पाहायचे ते आधी कागदावर लिहा. आपोआप पुढे चालू होण्याची सोय बंद ठेवा. पाहून झाल्यावर टिपण काढा. वेळापत्रक आता केंद्राकडे राहिलेले नाही. आपण ते हाती घेतले नाही, तर यंत्र घेईल.