जुना भाग केव्हा बदलावा?

तुमच्या घरी किंवा शेजारी दहा-बारा वर्षे वापरलेली एखादी मोटारसायकल असेलच. रोज सकाळी ती सुरू होते, बाजारहाट करते, अधूनमधून परगावीही जाऊन येते. तिची क्लचची केबल, चेन, टायर, ब्रेक ऑइल ही सारी अजून काम देत आहेत. मग ती निकामी होईपर्यंत वापरावीत, की त्याआधीच बदलावीत? एक मिस्त्री म्हणतो, "जुनं झालंय, बदलून टाका." दुसरा म्हणतो, "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" दोघेही अनुभवी आहेत, आणि दोघांचेही म्हणणे काही भागांच्या बाबतीत बरोबर व काहींच्या बाबतीत चूक आहे. कोणत्या भागाला कोणता सल्ला लागू पडतो, हे ठरवण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान, थोडी संभाव्यता आणि साध्या भागाकाराइतके गणित पुरेसे आहे.

क्लिप आणि फासा

प्रथम वर्गात करता येण्याजोगे दोन प्रयोग पाहू. कागदांना लावायच्या ६० क्लिपा घ्या. प्रत्येक क्लिप सरळ करून एकाच जागी काटकोनात वाकवा, पुन्हा सरळ करा, आणि ती कितव्या वाकवण्याला तुटते ते लिहून ठेवा. पहिल्या एक-दोन वेळा सहसा एकही क्लिप तुटत नाही. पुढे मात्र तुटण्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. आकड्यांचा स्तंभालेख काढलात तर मध्ये उंचवटा दिसेल. क्लिप 'म्हातारी' होते, आणि जितकी जास्त वाकवली असेल तितकी ती पुढच्या वाकवण्यात तुटण्याचा संभव अधिक.

आता ६० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक फासा घेतला आहे असे समजा. सहा पडला की तो फासा 'निकामी' झाला. पहिल्या फेरीत सुमारे १० फासे बाद होतील. पाच फेऱ्यांनंतर सुमारे २४ फासे उरतील. हे २४ फासे 'जुने' आहेत. पण सहाव्या फेरीत त्यांतले किती बाद होतील? सुमारे ४, म्हणजे पुन्हा एक षष्ठांशच. फाशाला आपले वय ठाऊक नसते. पाच फेऱ्या टिकलेला फासा फेकून नवा घेतलात, तरी पुढच्या फेरीत सहा पडण्याची शक्यता तसूभरही बदलत नाही.

येथेच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. जो भाग क्लिपेसारखा वागतो तो वेळेआधी बदलण्यात अर्थ असू शकतो. जो फाशासारखा वागतो तो वयाकडे पाहून बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

मोटारसायकलीवर क्लिपा कोणत्या?

क्लचची केबल घ्या. ती अनेक बारीक पोलादी तारा पिळून केलेली असते. लिव्हर दाबला की टोकाच्या निपलपाशी ती किंचित वाकते आणि सोडला की सरळ होते. शहरातल्या गर्दीत हे दिवसातून शेकडो वेळा घडते. एकदा लावला तर सहज पेलेल असा ताणही लाखो वेळा लावला, तर धातूत सूक्ष्म तडा जाऊन तो वाढत राहतो. याला धातूचा शीण म्हणतात. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मूदाँजवळ मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा मोडणाऱ्या आसांचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० ते १८७० च्या दरम्यान केला. ताण थोडा वाढला तरी आयुष्य पुष्कळ घटते, हे त्याच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

समजा, केबलमध्ये १९ तारा आहेत. त्यांतील ९ तुटल्या तर उरलेल्या १० तारांपैकी प्रत्येकीवर पूर्वीच्या १.९ पट ताण येतो. त्यामुळे पहिली तार तुटायला वर्षे लागली तरी शेवटच्या काही तारा पाहता पाहता तुटतात.

चेनही अशीच म्हातारी होते. 'चेन लांबली' असे आपण म्हणतो. पण तिचे पोलाद ताणले गेलेले नसते. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतालची नळी झिजते, आणि अशा शंभराहून अधिक सांध्यांतील झिजेची बेरीज आपल्याला लांबी म्हणून दिसते. बहुतेक लहान मोटारसायकलींच्या चेनमध्ये लगतच्या दोन पिनांमधील अंतर १२.७ मिलिमीटर असते, म्हणजे २० कड्यांची लांबी २५४ मिलिमीटर. ती २५९ भरली तर चेन सुमारे दोन टक्के वाढली. झिजेची नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

काही भाग किलोमीटरांनी नव्हे, तर नुसत्या काळाने जुने होतात. टायरचे रबर हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांच्यामुळे कडक होते आणि त्याला चिरा पडतात, मग गाडी उभी का असेना. टायरच्या बाजूवर चार अंकांत त्याची जन्मतारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. डिस्क ब्रेकमधील ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असे मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंश धरली जाते. लांब घाट उतरताना ब्रेक तापला आणि आत वाफेचे बुडबुडे झाले, तर लिव्हर दाबूनही दाब चाकापर्यंत पोचत नाही, कारण वाफ दबते, द्रव दबत नाही.

आणि फासे कोणते? सर्वांत सोपे उदाहरण पंक्चरचे. रस्त्यावरचा खिळा टायरचे वय विचारत नाही. टायर अगदी गुळगुळीत झालेला नसेल, तर पंक्चर टळावे म्हणून तो बदलण्यात हशील नाही. ठिणगी नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे बिघाडही बरेचसे असेच अवचित होतात.

नवे म्हणजे निर्धोक नव्हे

तिसरा प्रकार तर याहून चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनारी हवाई दलातील विमानांची दर ५० तासांच्या उड्डाणानंतर कसून तपासणी होई. जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की अनपेक्षित बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सर्वांत जास्त होत आणि मग कमी होत जात! चांगले चाललेले यंत्र उघडून पुन्हा जोडताना काहीतरी बिनसत होते. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सच्या नौलन व हीप यांनी विमानांच्या भागांविषयी एक अहवाल लिहिला. ८९ टक्के प्रकारच्या भागांना ठरावीक वयाला बदलण्याचा फायदा होत नव्हता, आणि ६८ टक्क्यांत तर बिघाडाचे प्रमाण नवेपणीच जास्त होते.

हे आकडे विमानांचे आहेत. ते जसेच्या तसे मोटारसायकलीला लावू नयेत. टायर, ब्रेकचे लायनर यांसारखे साधे, झिजणारे भाग वयाप्रमाणे बदलावे लागतात, हे त्या अहवालातही मान्य केले आहे. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे : लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी नवा भाग बसवू नये. आठवडाभर आधी बसवावा, गावातल्या गावात गाडी चालवून पाहावी, आणि मग निघावे.

आता हिशेब

भाग क्लिपेसारखा आहे हे कळले, तरी तो केव्हा बदलायचा? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा केबली अनुक्रमे १२, १६, १८, १९, २०, २०, २१, २२, २५ आणि २७ हजार किलोमीटरांना तुटतात. सरासरी आयुष्य २० हजार. नवी केबल मजुरीसह २०० रुपयांना पडते. पण ती आडरानात तुटली तर गाडी टेम्पोत घालून आणणे, बुडालेली मजुरी असे आणखी १००० रुपये जातात.

तुटेपर्यंत वापरली, तर दर केबलीमागे १२०० रुपये व २० हजार किलोमीटर, म्हणजे दर हजार किलोमीटरला ६० रुपये. १५ हजारांना बदलली, तर दहांपैकी एकच (१२ हजारांची) वाटेत दगा देईल. एकूण खर्च ३००० रुपये, अंतर १४७ हजार किलोमीटर, म्हणजे दर हजारी सुमारे २० रुपये ४० पैसे. १० हजारांना बदलली तर २० रुपये. मग ५ हजारांनाच बदलली तर? ४० रुपये! फार लवकर बदलणेही महागच.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, सरासरी आयुष्य भरल्यावर बदलू असे म्हणणारा फसतो, कारण २० हजार पुरे होण्यापूर्वीच चार केबली तुटलेल्या असतात. दुसरी, याच केबलीचे उत्तर माणसागणिक बदलते. गाडी फक्त गावात फिरत असेल आणि गॅरेज कोपऱ्यावर असेल, तर तुटण्याचा जादा त्रास ५० रुपयांचाच. मग तुटेपर्यंत वापरण्याचा खर्च दर हजारी १२ रुपये ५० पैसे आणि १० हजारांना बदलण्याचा २० रुपये. येथे दुसऱ्या मिस्त्रीचे म्हणणे खरे! लडाखसारख्या दूरच्या प्रवासाला निघणारे आणखी एक युक्ती करतात. ते चालू केबलीशेजारीच दुसरी केबल टाकून ठेवतात. पहिली तुटली की दहा-पंधरा मिनिटांत काम होते. भागाचे आयुष्य तेवढेच राहिले, पण तुटण्याची किंमत उतरली.

कोणता भाग आधी इशारा देतो, हेही पाहावे. निपलपाशी एखादी तार सुटून टोचू लागली, तर केबल बोलली असे समजा. चेन मोजता येते, लायनरची झीज अनेक गाड्यांवर बाहेरच्या खुणेवरून कळते. असे भाग तारखेने नव्हे, तपासणीने बदलावेत. ब्रेक ऑइल मात्र रोजच्या चालवण्यात काहीच सांगत नाही आणि नेमके घाटात धोका देते. म्हणून ते तारखेनेच बदलायचे. पुष्कळ उत्पादक दोन वर्षांची मुदत देतात.

आपल्या सूत्रात एक राशी रुपयांत मांडता येत नाही. क्लचची केबल तुटली तर खोळंबा होतो. ब्रेकची केबल तुटली किंवा पुढचा टायर फुटला तर चालवणारा आणि मागे बसलेला यांच्या जिवाशी गाठ असते. तिथे बिघाडाची किंमत इतकी मोठी धरावी लागते, की शंका आली की बदलावे हेच उत्तर येते. घरात पैसे मोजकेच असतील, तर ते आरसे, सीट, रंग यांवर खर्च करण्याआधी ब्रेक, टायर आणि चेन यांच्यासाठी बाजूला काढावेत.

या रविवारी घरच्या गाडीसाठी वहीत एक तक्ता करा. उभे चार रकाने आखा : भाग, क्लिप की फासा, इशारा देतो का, बिघडला तर काय होईल. दहा भाग लिहा, चेन प्रत्यक्ष मोजा, टायरवरचे चार अंक वाचा, ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले ते वडिलांना किंवा आईला विचारा. हा शेवटचा रकाना बहुधा कोराच राहील. तसे झाले, तर गाडी गॅरेजमध्ये नेण्याचे पहिले कारण तुम्हाला मिळाले.